सर्दीतली मोजणी

भिंगकाकांना नोकरीत सव्वीस वर्षं झाली होती आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी, त्यांच्याच अंदाजाने, साडेचार हजारांच्या वर पोटं मोजली होती. उंदरांची. ही माहिती ते लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसालाही देत. बहुतेकदा ती खुर्ची लवकर रिकामी होई.

पदाने ते औषधशास्त्राच्या कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक. पण खरं काम एकच. पोटाचे व्रण बरे करणारं किंवा होऊच न देणारं औषध कोणी शोधू लागलं की त्याचा कौल भिंगकाका देत. प्रयोग सांगायला सोपा होता. उपाशी ठेवलेल्या पांढऱ्या उंदराला आधी औषध पाजायचं, तासाभराने प्रयोगशाळेतली शुद्ध दारू. त्या दारूने पोटाच्या आतल्या अस्तरावर लालभडक रेघा उठतात. औषधात दम असेल तर रेघा कमी. मग ते पोट काढून, उघडून, मिठाच्या पाण्याने धुऊन थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवायचं आणि भिंगाखाली फूटपट्टी धरून रेघांची लांबी मोजायची. बेरीज मिलिमीटरमध्ये.

कुठल्या पोटाला औषध मिळालंय आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की माणसाचा हात सैल सुटतो. म्हणून बशीवर फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ती यादी संशोधन करणाऱ्याच्या कुलपात.

काकांनी हा नियम इतका मनावर घेतला होता की नियमालाच अवघडल्यासारखं व्हावं. मोजणीसाठी त्यांनी कपाटाएवढी एक खोली मागून घेतली होती. धूळ येऊ नये म्हणून तिच्या खिडकीच्या फटींत लांबी भरून ती कायमची बंद केली. दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: ‘मोजणी चालू आहे. आत येऊ नये. बोलू नये. बाहेर उसासे टाकू नयेत.’ बशा दाराखालच्या फटीतून सरकवता येत नाहीत याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मोजणीच्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. समोरच्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं तर? कॉलेजात त्यांच्या आकड्याला कोणी बोट लावत नसे. लोकांच्या पदव्या त्या आकड्यावर उभ्या राहत किंवा आडव्या होत, आणि दोन्ही वेळा काका सारख्याच गंभीर चेहऱ्याने जेवायला जात. त्या चेहऱ्याचा ते आरशात सराव करत, असा त्यांच्या बायकोचा आरोप होता. तो खरा होता.

त्या वर्षी संत्र्याच्या सालीतल्या तेलावर एक मुलगी पीएचडी करत होती. सगळे तिला सालवाली म्हणत. तीन वर्षं ती सालं वाफेवर चढवून थेंब थेंब तेल काढत होती. तिची ओढणी, वह्या, डबा, सगळ्याला संत्र्याचा वास. आकडेही तिच्यासारखेच प्रसन्न होते. नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांच्या रेघा सरासरी चाळीस मिलिमीटर, तेल प्यायलेल्यांच्या आठ. म्हणजे शेकडा ऐंशी बचाव. बाजारातली नेहमीची गोळीही एवढं करत नव्हती. प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि नियमाप्रमाणे प्रयोगाची एक शेवटची फेरी बाकी होती.

नेमकी त्याच दिवशी काकांना सर्दी झाली. साधीसुधी नव्हे. दोन्ही नाकपुड्यांनी संप पुकारलेला.

“रजा घ्या,” बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि तब्येतीच्या बाबतीत नवऱ्यालाही चौथीतल्या मुलासारखं वागवायची.

“अगं, मोजायला डोळे लागतात. नाकाचं तिथे काय काम?” काका म्हणाले आणि रुमालांची चळत खिशात कोंबून निघाले.

संध्याकाळी सालवालीने कुलपातली यादी काढून नंबर जुळवले आणि पुन्हा पुन्हा जुळवले. पाणीवाले चाळीस, तेलवाले वीस. तिने मॅडमना दाखवलं. मॅडम विभागाच्या प्रमुख. त्यांनी काकांना बोलावलं.

“काका, ताप आहे का?”

“नाही मॅडम. नुसती सर्दी.”

“डोळ्यांना पाणी येतंय?”

“थोडं.”

“मग झालं तर!” मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. “पाणावल्या डोळ्यांनी एकाच्या दोन रेघा दिसतात. तुम्ही बरे व्हा. ही फेरी बाद. परत घेऊ.”

सव्वीस वर्षांत काकांची मोजणी पहिल्यांदा बाद झाली होती. पण दोष सर्दीवर जात होता, म्हणून त्यांनीही मान डोलावली. वर दोन शिंका जास्तीच्या दिल्या.

दहा दिवसांनी नवी फेरी झाली. काका ठणठणीत होते. आंघोळ, दाढी, ठेवणीतला चष्मा. खोलीत शिरून त्यांनी दार लावलं आणि एकेक बशी घ्यायला सुरुवात केली. नऊ नंबरच्या बशीत एक फिकट, लालसर, कडा विरघळलेली रेघ होती. असल्या रेघाच खऱ्या त्रासदायक. व्रण म्हणावा तर मोजायचा, नुसती लाली म्हणावी तर सोडायची. काकांनी ती व्रण धरली आणि चार मिलिमीटर लिहिले.

मग त्यांनी चौदा नंबरच्या बशीवरचं झाकण उचललं. बंद खोलीत संत्र्याचा वास दरवळला आणि काकांच्या मनात, भिंग डोळ्याला लागायच्या आधी, एक शब्द उमटला. वाचलं.

काका जागच्या जागी थांबले. कोण वाचलं? भिंग तर अजून हातातच होतं.

त्यांनी खाली पाहिलं. मध्यभागी एक फिकट, लालसर, कडा विरघळलेली रेघ होती. ‘लाली’ असं म्हणून हात पुढे सरकला. त्यांनी हात मागे घेतला. नऊ नंबर पुन्हा पुढे ओढला आणि दोन्ही रेघा शेजारीशेजारी ठेवल्या. एकीला ओळखून दुसरीला विसरावं असं त्यांच्यात काही नव्हतं. जुळ्या बहिणी होत्या. एकीला चार मिलिमीटर मिळाले होते, दुसरीला माफी.

तरीही त्यांनी चौदा नंबर पहिल्यासारखाच मोजून पुरा केला. बेरीज सात आली. मग उठून टेबलाच्या खणातून रबरी नळी आवळायचा स्टीलचा चिमटा काढला आणि डोळे मिटून नाकाला लावला. ब्रह्मांड आठवलं. तोंडाने श्वास घेत त्यांनी तीच बशी परत मोजली. एकोणीस.

ते जेवायला आले नाहीत, म्हणून दोन वाजता सालवालीने पाटीला न जुमानता दार ढकललं. काका टेबलावर वाकलेले, डोळ्यांतून पाणी, आणि नाकावर चिमटा.

“काका! हे काय?”

“काही दाही,” काका म्हणाले. “बी बोजतोय.”

तिने पुढे होऊन चिमटा काढला. नाकावर दोन लाल खळगे पडले होते. काकांनी दोन्ही बशा तिच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं, एखादा चोर पोलिसांना घर फोडण्याची पद्धत दाखवतो तसं, टप्प्याटप्प्याने. तिने बशी नाकाजवळ नेली, दूर केली, पुन्हा जवळ नेली.

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं, तेल कोणाच्या पोटात आहे ते?”

“मला नाही गं. माझ्या नाकाला. त्याने मला सांगितलंच नाही.”

“अहो पण सगळ्या कॉलेजला वास येतो! कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?”

“इथे कोणाला येऊ देतो का मी?” काकांनी दाराकडे बोट केलं. पाटी आतून दिसत नव्हती, पण दोघांनाही ती तोंडपाठ होती. “आणि खिडकी पण मीच बुजवली. वास बाहेर जाऊ नये याची पक्की सोय.”

ती स्टुलावर बसली. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

“म्हणजे सर्दी झाली होती तेव्हाच तुम्ही धडधाकट होता,” ती म्हणाली.

“तसंच म्हणायचं.”

“मग माझे ऐंशी?”

“ऐंशी नसणार.”

आता ही रडेल, कोणाला सांगू नका म्हणून हात जोडेल, असं काकांना वाटलं. खरं तर त्यांनी मनात उत्तराची तयारीही केली होती. आधी बाणेदार नकार, मग तिच्या वयाकडे पाहून थोडी नरमाई, मग उद्या बघू. पण मुलीने त्यांना ती संधीच दिली नाही. ती उठली, बाहेर गेली आणि पाच मिनिटांनी परत आली.

“आधीच्या फेऱ्यांतली पोटं जपून ठेवलीत, एकशे आठ बरण्या आहेत. सगळ्या फॉर्मलीनमध्ये. फॉर्मलीनला एकच वास असतो, काका. चला मॅडमकडे.”

काका तिच्या मागून निघाले. एवढ्या लवकर प्रामाणिक व्हावं लागेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

मॅडमनी सगळं ऐकलं. हातातल्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

“माझ्या पीएचडीला लवंगेचं तेल होतं, काका.”

“हो मॅडम.”

“मोजलं तुम्हीच.”

“मीच.”

“तेव्हा सर्दी वगैरे?”

“तेव्हा तर मला शिंकसुद्धा येत नसे, मॅडम.”

मॅडमनी टोपण घट्ट लावलं. “माझं मी बघते,” त्या शेवटी म्हणाल्या. “आधी हिच्या बरण्या काढा. नवे नंबर मी टाकते. चिमटा कपड्यांचा आणा, नाहीतर नाक राहायचं नाही.”

नऊ दिवस लागले. काकांनी फॉर्मलीनमधली एकशे आठ पोटं नाक दाबून, तोंड उघडं ठेवून मोजली. घसा कोरडा पडे, आणि ती पाटी असलेल्या दारातून आता कोणीही येऊन बघून जाई. शेवटी यादी उघडली. पाणीवाले चाळीस, तेलवाले वीस. शेकडा पन्नास. तेल पोटाला वाचवत होतं, यात शंका नव्हती, पण निम्मंच. उरलेले तीस टक्के काकांच्या नाकाची कामगिरी होती.

सालवालीने प्रबंधात ते जसंच्या तसं लिहिलं: ‘मोजणाऱ्यास वासावरून गट ओळखू येत असल्याचे आढळले. सबब सर्व नमुने नाक बंद करून पुन्हा मोजले.’ परीक्षकांना प्रबंधातलं सगळ्यात जास्त हेच पान आवडलं. मुलगी पास झाली. काकांनी मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या.

आणि तिथून ते बिघडले. महिन्याभरात त्यांची ही हकिकत ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात नळी असताना, सांगून झाली. प्रत्येक वेळी चिमटा थोडा मोठा होई आणि काका थोडे जास्त थोर. निष्पक्ष म्हणून सव्वीस वर्षं मिरवून झालं होतं, आता चूक कबूल करणारा म्हणून मिरवायला सुरुवात झाली. आपली फजितीसुद्धा पहिल्या नंबराने पास व्हावी, ही हौस त्यांची त्यांनाच अधूनमधून जाणवे. पण गोष्ट रंगात आली की ती जाणीव मागे पडे.

घरी बायको टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत होती. काका जेवता जेवता तिला तिसऱ्यांदा सांगत होते.

“अहो, कळलं,” ती लाल पेन न थांबवता म्हणाली. “मलाही होतंच की. वर नुसता नंबर असतो, पण अक्षर ओळखू येतं. सुंदर अक्षराला एखाद-दुसरा मार्क जास्त जातो. मला पहिल्या वर्षी कळलं. तुम्हाला सव्वीस लागली.”

“पण मी कबूल केलं!”

“केलंत हो. शाबास.” तिने पेपर उलटला, कपाळाला आठी घातली. “हे बघा. कोंबडीचे पाय. ह्याचा मार्क कापला जाऊ नये म्हणून मी असले पेपर दोनदा तपासते.” मग तिने पेन खाली ठेवलं. “अहो, चांगल्या वासाला तुम्ही सूट दिलीत. घाण वासाला काय दिलंत?”

काकांचा घास हातातच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी एक मुलगा लसणीच्या तेलावर काम करत होता. लसूणरावच म्हणायचे त्याला. लसणीचं तेल म्हणजे नुसती लसूण नव्हे. एक थेंब सांडला तर मजला सोडावा लागे. ते चार महिने काका मोजणीच्या खोलीत शिरताना नवस बोलत, आणि संध्याकाळी बायको त्यांना दारातच कपडे बदलायला लावी. लसूणरावचे आकडे पडले. पाणीवाले चाळीस, तेलवाले सदतीस. तो काकांकडे आला होता. काका, परत मोजाल का, म्हणाला होता. काकांनी त्याला काय उत्तर दिलं होतं, ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं. इथे आकडा बदलून मिळत नाही.

मुलाने काम सोडलं. पुढे औषधांचं दुकान टाकलं, एवढं काकांनी ऐकलं होतं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“मीठ जरा जास्त झालंय,” काका म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चौकातल्या दुकानात लसूणराव काउंटरमागे उभा होता. कानाजवळ केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण ओळखता येत होतं.

“काका? काय देऊ?”

“काही नको. तुझ्या जुन्या बरण्या...”

“त्या कॉलेजने तेव्हाच टाकल्या.” त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “का?”

काकांनी सांगितलं. या वेळी चिमटा मोठा झाला नाही. गोष्ट चार वाक्यांत संपली, आणि आपण महिनाभर ती वीस मिनिटं कशी सांगत होतो, हे त्यांना कळेना.

“हे आज सुचलं तुम्हाला?” लसूणराव म्हणाला.

“काल. मला नाही, बायकोला सुचलं.”

खाली वाकून त्याने शेवटच्या खणातून एक बुटांचं खोकं काढलं. आत फोटो होते. चोवीस. प्रत्येक पोट थर्माकोलवर ताणलेलं, शेजारी फूटपट्टी, कोपऱ्यात नंबर.

“फोटोला वास नसतो,” तो म्हणाला. “यादी माझ्याकडे आहे. मागे स्टूल आहे, दिवा आहे. मोजा.”

“चिमटा लावू का?”

“इथे वास येतोय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग नाटकं कशाला?”

काका औषधांच्या खोक्यांमध्ये स्टुलावर बसले आणि खिशातून भिंग काढलं. बाहेर गिऱ्हाइकं येत-जात होती. खोकल्याचं औषध, लहान मुलाचे थेंब, बँडेज. दीड तास कोणी त्यांच्याशी बोललं नाही. फिकट, कडा विरघळलेली रेघ आली की काका भिंग ठेवत, मान मोडत आणि पुन्हा बघत. पाच नंबरला त्यांनी सहा लिहिले, मग खोडून चार केले.

लसूणराव कागद घेऊन गेला. यादी त्याच्या पाकिटात होती, चार घड्या घातलेली. घड्यांवर अक्षरं पुसट झाली होती, पण त्याला ती बघावी लागत नव्हती. त्याने कॅल्क्युलेटर ओढला.

“पाणी एकोणचाळीस,” तो म्हणाला. “तेल सव्वीस.”

“एक तृतीयांश,” काका हळूच म्हणाले.

“म्हणजे थोडं चालत होतं.”

“थोडं चालत होतं.”

एवढ्यात काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले. पोटात आग पडते म्हणाले, दोन दिवस झाले, रात्री जास्त. लसूणरावने नेहमीच्या गोळ्यांची पट्टी काढली, जेवणाआधी एक घ्या म्हणून सांगितलं, आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जाच, असं दोनदा बजावलं. गृहस्थ गेले.

काका वाट बघत होते. तो शिव्या देईल किंवा जाऊ द्या काका म्हणेल. दोन्हीला काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवून आणलं होतं. क्षमेसाठीचं वाक्य जरा जास्त छान जमलं होतं.

लसूणरावने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“सही करा. तारीख आजची टाका.”

काकांनी सही केली, तारीख टाकली. “काय करणार आहेस याचं?”

“माहीत नाही.” त्याने कागद उचलून दिव्याकडे धरला, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ बोटाने तपासली आणि परत काउंटरवर ठेवला.

“पाच नंबरला खाडाखोड आहे, काका,” तो म्हणाला. “तिथे वेगळी सही लागते.”